मे महिन्यातली काशी, ठाण्याहून गटाने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाडा, पाचपाखाडी, कळवा आणि ऐरोली-वाशीकडची काही कुटुंबं मिळून आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत काशी-प्रयागची सहल काढतो. ही ट्रॅव्हल कंपनी नाही. खर्च सगळे वाटून घेतात, व्यवस्था आमच्यातलेच चार-पाच जण बघतात. नोंदणीच्या बैठकीत आणि त्यानंतर रात्री साडेदहाला फोनवर जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. फोन करण्याआधी वाचाल तर तुमचंही बरं, आमचंही.

मे महिन्यातच का? एवढ्या उन्हात काशीला कोण जातं?

ज्यांच्या नातवंडांची शाळा असते ते जातात. आमच्या गटात निम्मे आजी-आजोबा आणि त्यांच्याबरोबर लेकी-सुना-नातवंडं असतात. सगळ्यांना एकत्र सुट्टी मिळते ती मे महिन्यातच.

शिवाय काशीला निर्धोक ऋतू असा नाहीच. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे उत्तरेकडच्या गाड्या तासन् तास रखडतात. महाशिवरात्रीला आणि श्रावणात रांगेचं शेपूट सापडत नाही. कार्तिक पौर्णिमेला देवदीपावली असते, तेव्हा घाटावर पाऊल ठेवायला जागा नसते आणि खोल्यांचे भाव ऐकून माणूस घरीच पणती लावतो. पावसाळ्यात पूर. या सगळ्यांत ऊन त्यातल्या त्यात प्रामाणिक: किती वाजता येणार आणि किती वाजता उतरणार हे आधीच माहीत असतं. म्हणून त्याच्याभोवती बेत आखता येतो.

मात्र तब्येतीचं कारण असेल तर मे महिन्याचा हट्ट धरू नका. नुकताच हृदयाचा त्रास झालेले, मूत्रपिंडाचा आजार असलेले, गरोदर बायका आणि अगदी तान्ही मुलं यांना आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. फेब्रुवारीत जा, आम्ही गाडी-खोलीची माहिती आनंदाने देऊ.

आम्ही ठाणेकर आहोत. घामाची आणि उकाड्याची सवय आहे. वेगळं काय असणार?

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ठाण्याला मे महिन्यात पारा ३५-३६ अंशांवर असतो, पण खाडीमुळे हवा दमट. घाम वाळत नाही, शर्ट पाठीला चिकटतो आणि आपल्याला कळतं की अंगातून पाणी चाललंय. काशीला मे-जूनमध्ये ४० ते ४५ अंश आणि पश्चिमेकडून येणारी कोरडी, भाजणारी हवा: लू. घाम सुटतो तसाच वाळतो. अंग कोरडं, शर्ट कोरडा, माणूस म्हणतो, ‘अरे, इथे तर घामच येत नाही, आपल्यापेक्षा बरं आहे.’ दोन तासांनी तोच माणूस डोकं धरून पायरीवर बसतो.

हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं की उष्णतेची लाट, आणि ४५ गाठलं की सरासरी न बघताही लाटच. तेव्हा तहान हे घड्याळ समजू नका. बाहेर असताना दर वीस मिनिटांनी चार घोट, तहान असो-नसो. लघवीचा रंग गडद दिसला तर पाणी कमी पडतंय. ही गोष्ट बैठकीत सांगितली की मुलं हसतात. हसू द्या, पण लक्षात ठेवा.

या कोरडेपणाचा एक फायदाही आहे. ठाण्यात जो कूलर नुसती ओल वाढवतो, तो काशीत मस्त थंड हवा देतो. जूनच्या उत्तरार्धात पाऊस जवळ आला की मात्र तोही नकामा.

मग फिरायचं केव्हा?

पहाटे आणि संध्याकाळी. दुपार सोडून द्यायची. आमच्या सहलीचा हा एकच कडक नियम आहे, बाकी सगळं बोलून बदलता येतं.

काशी ठाण्याच्या बरीच पूर्वेला आहे, त्यामुळे घड्याळ एकच असलं तरी सूर्य वेगळा. मे महिन्यात तिथे सव्वापाचच्या आत उजाडतं, आपल्याकडे सहा वाजून जातात. म्हणजे सहाला उठून चहा घेत बसलात तर पहाट संपलेली असते. आम्ही चारला चहा देतो, पावणेपाचला अस्सी घाटावर असतो. तिथे ‘सुबह-ए-बनारस’ नावाचा रोजचा कार्यक्रम चालतो: गंगेची आरती, यज्ञ, मग एखाद्या कलाकाराचं शास्त्रीय गायन किंवा वादन. सूर्य वर येता येता नावेत बसायचं आणि घाट बघत उत्तरेकडे जायचं. इथे गंगा उत्तरवाहिनी आहे आणि घाट पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड करून. सकाळचं कोवळं ऊन सरळ घाटांवर पडतं म्हणून ती वेळ देखणी, आणि त्याच कारणाने आठनंतर तिथे थांबवत नाही. संध्याकाळी उलट: सूर्य वाड्यांच्या मागे जातो, घाट सावलीत येतात, पण दगडांनी दिवसभर साठवलेली आच सातपर्यंत खालून लागत राहते. बसायला जाड आसन आणा. प्लॅस्टिकची शीट नको, चटका लागतो.

साडेआठला नाश्ता, दहाच्या आत खोलीवर. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा बाहेर. दशाश्वमेध घाटावरची आरती उन्हाळ्यात सातच्या आसपास सुरू होते.

एवढे पैसे भरून दुपारी सात तास खोलीत झोपायचं?

हो. काशीकरही तेच करतात. दुपारी गल्ल्यांतली निम्मी दुकानं अर्धी ओढलेली असतात आणि दुकानदार गल्ल्यावर डोकं ठेवून झोपलेले दिसतात. पिढ्यान् पिढ्या तिथे राहणाऱ्यांपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं समजण्याचं कारण नाही.

ज्यांना झोप येतच नाही त्यांच्यासाठी पत्ते असतात, एका दुपारी काशीच्या इतिहासावर गप्पा असतात, आणि मुलांसाठी एखाद्या दुपारी गाडीने बीएचयूच्या (बनारस हिंदू विद्यापीठाच्या) आवारातलं भारत कला भवन संग्रहालय. मदनमोहन मालवीयांनी १९१६ मध्ये उभ्या केलेल्या या विद्यापीठाचा परिसर झाडांनी भरलेला आहे, तिथे शहरापेक्षा जरा सुसह्य वाटतं.

ठाण्याहून कोणती गाडी? तारखेचा घोळ काय असतो?

सोयीची पडते ती महानगरी एक्स्प्रेस. ती सीएसएमटीहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते आणि दादर करून ठाण्याला येते. इगतपुरी, इटारसी, जबलपूर, सतना असा पूर्ण एक दिवस गाडीत जातो आणि त्यापुढच्या पहाटे वाराणसी.

घोळ असा: १४ मेच्या रात्री घरून निघायचं असेल तर तिकिटावर १५ मे छापलेलं असतं. कुणी १५च्या रात्री जेवूनखाऊन, नातेवाइकांचा निरोप घेऊन स्टेशनवर आलं तर गाडी तेव्हा काशीच्या जवळ पोचलेली असते. म्हणून आमच्या पत्रकात तारखेऐवजी ‘बुधवारी रात्री जेवण झाल्यावर’ असंच लिहिलेलं असतं. कृपया तेच वाचा.

ठाण्याला गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते. बॅगा दारातून एकामागून एक आत जाव्या लागतात, त्यामुळे एक माणूस एक बॅग, तीही स्वतः उचलता येईल एवढीच. ज्यांना कल्याण जवळ त्यांनी कल्याणला चढावं, फक्त आरक्षणात चढण्याचं स्टेशन तसं टाकून घ्या.

आम्ही सहा जण एकत्र आहोत, तरी तुम्ही तिकिटं दोन-दोनची का काढता?

खालच्या बर्थसाठी. साठी ओलांडलेले पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या बायका यांच्यासाठी रेल्वेत खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण एका तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असले तर तो लागू होतो. सहा जणांचं एक तिकीट काढलं की आजोबा वरच्या बर्थवर आणि कॉलेजातला नातू खाली, असं हमखास होतं. मग डब्यात अदलाबदलीचा बाजार भरतो.

ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, हे दर वर्षी कुणीतरी विचारतं म्हणून इथे लिहून ठेवलं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं; पूर्वीचे १२० दिवस नोव्हेंबर २०२४ पासून गेले.

नवी मुंबईकरांनी मध्यरात्री ठाण्याला यायचं कसं?

ट्रान्स-हार्बरच्या शेवटच्या लोकलच्या भरवशावर राहू नका. दहाच्या सुमारास ठाण्यात या. नौपाड्यातली दोन-तीन घरं त्या रात्री उघडी असतात, चहा मिळेल. रात्री बाराला ऐरोलीहून रिक्षा करून येतो म्हणणाऱ्यांची धडधड आम्हाला सोसत नाही.

विमानाने थेट आलो तर चालेल?

चालेल. वाराणसीचं विमानतळ बाबतपूरला, शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर आहे. दुपारचं विमान टाळा, कारण भर उन्हात शहराच्या कोंडीतून यावं लागतं.

हॉटेल अगदी घाटाला लागून का घेत नाही? सिनेमात तर खिडकीतून गंगा दिसते.

गंगा दिसते, पण लिफ्ट दिसत नाही. घाटालगतचे वाडे जुने, जिने उभे, आणि तिथपर्यंत चारचाकी जात नाही. बॅग डोक्यावर घेऊन गल्लीतून चालायचं, समोरून नंदीमहाराज येत असतात आणि वाट त्यांचीच असते. तरुण जोडप्यांनी जरूर राहावं. आम्ही रस्त्यालगत, लिफ्ट आणि जनरेटर असलेलं हॉटेल घेतो. मे महिन्यात वीज जाते आणि जनरेटरवर एसी चालतो की नुसता पंखा, हे आम्ही आधीच विचारतो. तुम्ही स्वतः कुठे जात असलात तरी हा प्रश्न विचाराच.

मोठी बस घाटाजवळच्या गोदौलिया चौकाच्या गर्दीत शिरत नाही. बाहेर उतरून ई-रिक्षा करायची. तिला तिथे टोटो म्हणतात. शेवटचा टप्पा पायीच. एसी खोलीतून थेट उन्हात आणि उन्हातून थेट १८ अंशांवर, असं करू नका. २६वर ठेवा आणि आल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली बसा.

विश्वनाथाचं दर्शन नीट होतं का?

१३ डिसेंबर २०२१ ला नव्या कॉरिडॉरचं उद्घाटन झाल्यापासून जागा खूप मोकळी झाली आहे. पूर्वीची ती खांद्याला खांदा घासणारी गल्ली राहिली नाही. मोबाइल, स्मार्ट घड्याळ, कॅमेरा, चामड्याच्या वस्तू आत नेता येत नाहीत. लॉकर असतात, पण सोपा उपाय म्हणजे सगळं खोलीवर ठेवून फक्त ओळखपत्र आणि थोडे पैसे घेऊन निघणं. शुल्क भरून लवकर दर्शनाची सोय मंदिर न्यासाकडेच आहे. गल्लीत ‘व्हीआयपी करवा देंगे’ म्हणणाऱ्याला एकही रुपया देऊ नका.

उन्हाळ्यातली एक बारीक गोष्ट: चपला काढल्यावर दगडी फरशी. जिथे सावली वा चटई नाही तिथे नऊ-दहानंतर तळवे पोळतात. जाड सुती मोज्यांचा एक जोड पिशवीत ठेवा. मधुमेह असलेल्यांनी तर नक्कीच, कारण त्यांना चटका उशिरा कळतो.

गुडघे दुखतात. घाट झेपतील?

अर्धे झेपतील. उन्हाळ्यात गंगेचं पात्र खाली जातं, म्हणजे पाण्यापर्यंत जायला जास्त पायऱ्या. शेवटच्या काही पायऱ्यांवर गाळ आणि शेवाळ असतं. अस्सी घाटाला उतार त्यातल्या त्यात सोपा, म्हणून नाव तिथूनच घेतो. आरती नावेतून छान दिसते, पण अंधारात हलत्या नावेतून उतरणं गुडघ्यांना जड जातं. अशांना आम्ही वरच्या पायऱ्यांवर लवकर नेऊन बसवतो. नावेत लाइफ जॅकेट घालायचं. साडीवर बरं दिसत नाही हे कारण चालत नाही.

गंगेत डुबकी?

ज्याचा त्याचा प्रश्न. साखळी धरून, दोघांनी मिळून, कमरेपेक्षा खोल नाही. पोहणं बंद. डोळे-तोंड मिटून घ्या, अंगावर ताजी जखम असेल तर नुसते हात-पाय धुवा.

कुणाला ऊन लागलं तर काय करता?

गळून जाणं, डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, भरपूर घाम: ही उन्हाने दमल्याची लक्षणं. सावलीत आडवं करायचं, पाय थोडे वर, मान-कपाळावर ओलं फडकं आणि घोट घोट ओआरएस. पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायची. अर्ध्या पुडीचा अंदाजपंचे डाव नको, आणि २४ तासांनी उरलेलं फेकायचं. डब्यातली गोड, रंगीत पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. पुडीवर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलेलं असतं, तीच घ्या.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जाऊ लागला, भोवळ आली आणि अंग तव्यासारखं तापलं असेल तर तो उष्माघात. घाम येत असला तरीही. इथे घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगभर पाणी, जोरात वारा, मान-काखा-जांघेत बर्फ. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नाही. तापाची गोळी इथे कामाची नाही. शहराच्या दक्षिण टोकाला बीएचयूचं सर सुंदरलाल रुग्णालय आहे, आमच्या पत्रकात त्याचा रस्ता दिलेला असतो.

खिशातल्या कांद्याबद्दलही विचारतात. ठेवा हवा तर. पाण्याची बाटली मात्र दुसऱ्या खिशात असू दे.

रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिन?

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. अशा गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना ‘४४ अंशांत आठवडाभर जातोय’ असं स्पष्ट सांगून डोस विचारून घ्यावा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. इन्सुलिन बॅगेत तळाशी किंवा उभ्या बसमध्ये ठेवू नका. पाण्यात भिजवून वापरायच्या गार पिशव्या मिळतात, त्या कोरड्या हवेत उत्तम चालतात. बर्फाला थेट टेकवलं तर ते गोठून वाया जातं. वापरात असलेलं पेन वा कुपी ३० अंशांखाली राहायला हवी.

खाण्यापिण्याचं काय? आम्हाला पोळी-भाजीच लागते.

दोन्ही जेवणं साधी मिळतात, कांदा-लसूण न खाणाऱ्यांचं वेगळं. पण सकाळची कचोरी-जिलेबी चुकवू नका. ती काशीची न्याहारी आहे आणि सकाळीच खायची, दुपारी ती तेलकट गोळा होते. उन्हासाठी तिथले लोक काय पितात ते प्या: कैरीचं पन्हं (तिथे आम पन्ना), बेलाचं सरबत, सातूच्या पिठासारखं सत्तूचं पाणी, कुल्हडातली लस्सी. बाहेरचा बर्फ नको. ठंडाई मागताना ‘साधी’ असं ठासून सांगा, कारण भांग घातलेलीही सर्रास विकतात आणि एखाद्या काकांना ती चढली की सगळा गट त्यांच्यामागे.

मलइयो विचारू नका. तो दुधाचा फेस दवात तयार होतो, म्हणजे फक्त थंडीत. त्याची भरपाई बनारसी लंगडा आंबा करतो, पण तो जूनमध्ये हाती लागतो. हापूसच्या माणसांना तो आवडणार नाही असं आधीच ठरवून येऊ नका.

काशीत मराठी माणसांनी बघण्यासारखं वेगळं काही आहे?

आहे, आणि माझ्या मते सहलीचा खरा गाभा हाच. नाव दक्षिणेकडून उत्तरेला निघाली की घाटांची नावं वाचत चला. राणा महाल, मानमंदिर ही राजपुतांची नावं येतात, पण मध्ये मध्ये आपली माणसं भेटत राहतात. राजा घाटावर अमृतराव पेशव्यांचं बांधकाम. मुन्शी घाट बांधला तो नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यातल्या श्रीधर नारायण मुनीम या अधिकाऱ्याने, म्हणून ते नाव. त्याच्याजवळच अहल्याबाईंचा घाट. पुढे दशाश्वमेधाच्या पक्क्या पायऱ्या नानासाहेब पेशव्यांच्या काळातल्या. मणिकर्णिकेला लागून शिंदे घाट, तिथे बायजाबाई शिंद्यांनी एकोणिसाव्या शतकात केलेलं बांधकाम नदीत खचलं, आणि रत्नेश्वर महादेवाचं देऊळ एका बाजूला कललेलं आजही दिसतं. मे महिन्यात पाणी कमी असल्याने ते बरंच उघडं पडतं; पावसाळ्यात जवळजवळ बुडतं. मग नागपूरकर भोसल्यांचा उंच दगडी घाट.

विश्वनाथाचं आज उभं असलेलं देऊळ अहल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधलं. त्यावरचं सोनं नंतर महाराजा रणजितसिंहांचं. शिवराज्याभिषेकासाठी १६७४ मध्ये आलेले गागाभट्ट काशीचे. एकनाथांनी भागवताची टीका पूर्ण केली ती १५७३ मध्ये, काशीतच. मनकर्णिका तांबे, म्हणजे झाशीची राणी, इथे जन्मली. अस्सीजवळ भदैनीत तिचं स्मारक आहे. हिंदी पत्रकारितेचे आधारस्तंभ मानले जाणारे बाबूराव विष्णू पराडकर हेही काशीकर मराठीच.

आणि ब्रह्मा घाट, दुर्गा घाटाच्या गल्ल्या. इथे पिढ्यान् पिढ्या मराठी घरं आहेत. दारावर पाटी, अंगणात तुळस, आणि बोलायला लागले की आपल्याला चमकवणारी मराठी: हिंदीच्या हेलाची, पण शब्द कधी कधी आपल्या आजीचे. आम्ही त्या भागात एक सकाळ ठेवतो आणि तिथे फोटोंची घाई करू देत नाही. लोकांची घरं आहेत ती.

मणिकर्णिकेला जायचं का? मुलांना दाखवावं का?

नावेतून, लांबून. चिता अखंड जळत असतात, फोटो काढायचे नाहीत. मुलांना आई-वडिलांनी आदल्या दिवशी सांगून ठेवावं, तिथे ऐनवेळी डोळे झाकू नयेत. गल्लीतून ‘राम नाम सत्य है’ ऐकू आलं की भिंतीला लागून उभं राहा आणि वाट द्या. गरिबांच्या लाकडांसाठी म्हणून पैसे मागणारे भेटतात. नम्रपणे हात जोडा आणि पुढे चला.

आई-वडिलांचं श्राद्ध, अस्थिविसर्जन करता येईल?

येईल. दुर्गा घाटाच्या बाजूला मराठी उपाध्याय आहेत. तिथी, गोत्र आणि तीन पिढ्यांची नावं कागदावर लिहून आणा. ऐनवेळी पणजीचं नाव आठवण्यासाठी ठाण्याला फोन लावावे लागतात. दक्षिणा आधी ठरवा. प्रयागला सुवासिनींच्या वेणीदानाची आपल्याकडची रीत अजून पाळली जाते. विधी सकाळी लवकर आटपायचे, उपास धरून भर उन्हात बसू नये. काशीत एखादी आवडती भाजी वा फळ सोडायचं असेल तर खुशाल सोडा, फक्त पाणी सोडलं असं म्हणू नका.

सारनाथ, प्रयाग आणि अयोध्या सगळं होईल?

सारनाथ शहरापासून दहा किलोमीटर. फाटक उघडताच आत शिरायचं, धमेख स्तूपाभोवती सावली नाही. अशोकस्तंभाचं चार सिंहांचं मूळ शीर्ष संग्रहालयात आहे आणि संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, त्यामुळे शुक्रवार तिथे ठेवायचा नाही.

प्रयागराज सव्वाशे किलोमीटरवर, पहाटे निघून दुपारी उन्हाच्या आधी संगम आटोपून जेवायला थांबायचं, परतीचा प्रवास संध्याकाळी.

अयोध्या आम्ही घेत नाही. दोनशेहून अधिक किलोमीटर जाऊन, रांगेत उभं राहून, त्याच उन्हात परत यायचं म्हणजे तीन क्षेत्रांचा फोटो होतो, यात्रा एकाचीही नाही. ‘शेजारची कंपनी सहा दिवसांत नेपाळसुद्धा करते’ हे आम्हाला माहीत आहे. त्यांच्याबरोबर जा.

बनारसी साडी कुठे घ्यावी?

रिक्षावाला नेईल तिथे नाही. सिल्क मार्क आणि हातमागाचं चिन्ह बघा, उलट बाजूचे धागे बघा, आणि उरलेलं पन्नास टक्के नशीब.

गर्दीत चुकामूक झाली तर?

जिथे आहात तिथेच थांबा, शोधायला निघू नका. काशीची गल्ली तुम्हाला गोल फिरवून भलत्याच घाटावर काढते. देवळात मोबाइल नसतो, म्हणून प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचं नाव-पत्ता हिंदीत लिहिलेलं कार्ड असतं. संकटमोचन आणि दुर्गाकुंडाला माकडं चष्मा पळवतात. त्यांच्यामागे धावूनही चुकामूक होते.

जुलैमध्ये स्वस्तात जाता येईल का?

खोल्या स्वस्त, पण गंगा चढली की नावा बंद आणि घाटांना जोडणारी वाट पाण्याखाली. वाराणसीत इशाऱ्याची पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची ७१.२६२. पाणी तिथवर पोचण्याआधीच आरती वरच्या गच्चीवर हलवलेली असते.

खर्च किती? परतावा मिळतो का?

रक्कम रेल्वेचा वर्ग आणि खोलीतल्या माणसांच्या संख्येवर ठरते, ती बैठकीत फळ्यावर लिहून दाखवतो. त्यात गाडी, खोली, दोन्ही वेळचं जेवण, नाव आणि बस येते. विधी, साडी, टोटो तुमचं तुम्ही. ऐनवेळी गळालात तर हॉटेलने जे परत दिलं तेवढंच तुम्हाला मिळेल, आमच्या हातात वेगळी पेटी नाही. परतल्यावर हिशेबाची वही सगळ्यांना दाखवतो.

नावं कधीपर्यंत द्यायची?

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे मेच्या मध्याला निघायचं तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात नाव, वय आणि ओळखपत्राची प्रत आमच्याकडे हवी. नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. घरी ‘बंड्या’ म्हणतात म्हणून फॉर्मवरही बंड्या असलेलं तिकीट आमच्याकडे येऊन गेलं आहे. मावंदं (यात्रेहून परतल्यावरचं जेवण) कधी घालणार हे मात्र निघण्याआधी कुणी विचारू नये, ती यजमानांची मर्जी.